तळाशी ठेवलेलं तांबं

वरची वाडी, मार्गासनी
७ ऑक्टोबर २०२४

चि. प्रेरणास आत्याचे आशीर्वाद.

हे पत्र मी भांडायला लिहिते आहे, तेव्हा खुशाली शेवटी विचारीन. तुझ्या गोव्याच्या कारखान्यात पोरगा दिला तो वेल्डिंगला दिला होता, खलाशी म्हणून नाही. परवा कुमार घरी आला आणि भाकरी मोडता मोडता म्हणतो, "आये, बोट झाली की म्या बी जानार हाय तिच्यासंगं. सेशेल्स म्हून बेट हाय, तितवर." मी म्हटलं, परत बोल, माझे कान गेलेत. तर तेच परत बोलला.

कापूरहोळच्या गॅरेजात टेम्पोच्या चासीला वेल्डिंग मारत होता ते काय वाईट होतं? चासी तुटली तर टेम्पो रस्त्यावर बसतो. बोट तुटली तर कुठं बसते? तुझ्या मामांना, म्हणजे आमच्या ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "जाऊ दे की. जल्मभर म्हशीच वळायच्या का त्यानं?" ह्यांना धरणापेक्षा मोठं पाणी असतं हेच ठाऊक नाही.

ती बोट तूच कागदावर काढलीस म्हणतात. तर मला नीट समजावून लिही. फोन करू नकोस, मला फोनवरचं ऐकू येत नाही आणि वाडीत रेंजही नाही. बोट केवढी आहे, कशाची आहे, उलटी झाली तर काय, भोक पडलं तर काय, सगळं लिही. गोड बोलून समजूत काढू नकोस. तू शेंबडी होतीस तेव्हापासून मी तुला ओळखते.

तुझी खुशाली कळव.

आत्या

*

गोवा
१५ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास प्रेरणाचा नमस्कार.

भांडण पोचलं. आता उत्तर वाच, आणि मामांनाही वाचून दाखव.

बोट अठ्ठावन्न फुटांची आहे. तुझ्या माहेरचं, उत्रोलीचं घर, पुढची ओटी आणि मागचा गोठा धरला तरी बोट त्याहून लांब भरेल. शिडाची काठी गावातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच. अंग सगळं ॲल्युमिनियमचं आहे, बाजूला सहा मिलिमीटर जाड आणि तळाला आठ ते दहा. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं. हे खडकावर आपटलं तर पोचा येईल, पण सहसा फुटणार नाही. म्हणून मीच हट्टानं ॲल्युमिनियम घ्यायला लावलं.

उलटायचं विचारलंस. बोटीच्या पोटाखाली पाण्यात नऊ टन शिसं टांगलेलं आहे. लाटेनं तिला आडवं केलं, शीड पाण्याला टेकलं, तरी ते वजन तिला ओढून परत उभी करतं. लहानपणी आपल्याकडं तळाला माती भरलेली बाहुली होती बघ, आडवी केली की उठून बसायची. तसंच आहे हे.

भोकाचं विचारलंस. आतून तिचे पाच खण पाडले आहेत आणि मधल्या भिंतींतून पाणी जात नाही. एक खण पूर्ण भरला तरी बाकीचे तिला तरंगत ठेवतात. सुकाणू दोन आहेत, एक मोडलं तर दुसरं. कप्तान आनंदराव नौदलातून निवृत्त झालेले, जन्म समुद्रावर गेलेला माणूस.

आणि कुमारला मी पाठवत नाही, कप्तानांनी मागून घेतलाय. तळाचे सगळे सांधे त्यानं जोडलेत. वाटेत काही तुटलं तर ते जोडणारा माणूस बोटीवर हवा. मला भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. समुद्र जे जे करू शकतो ते सगळं मी मनात आणलंय आणि प्रत्येकाला उत्तर काढून ठेवलंय. तू नोव्हेंबरात बोट पाण्यात उतरवायला ये. आत उतर, हात लावून बघ, मग माझ्याशी भांड.

प्रेरणा

*

वरची वाडी, मार्गासनी
२० जानेवारी २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

बोट निघाली हे धनाजीनं दुधाचा टेम्पो घेऊन वर आल्यावर सांगितलं. त्याच्या मोबाईलवर तू फोटो पाठवला होतास. कुमार हात हलवतोय आणि मागं नुसतं पाणी. मी फोटो मोठा करून करून बघितला, शेवटी धनाजी म्हणाला, "काकू, बॅटरी संपंल." त्या दिवसापासून अर्ध्या भाकरीवर उठते. वारा सुटला की कौलांकडं बघते. म्हशीनं पाणी ओढताना ते हिंदकळलं तरी दचकते. ह्यांना म्हटलं, आता पोरगा कुठं असेल, तर म्हणे, "पान्यात." असला नवरा.

पण तू म्हणालीस तसं नोव्हेंबरात बोटीत उतरले ते बरं केलं. आत सगळं झ्याक होतं, स्वयंपाकाचा कट्टा माझ्यापेक्षा भारी. आता एक गोष्ट सांगते, म्हणजे तुझाही जीव भांड्यात पडेल. तू आणि कुमार वर पाहुण्यांना चहा देत होतात तेवढ्यात मी आपलं काम उरकून घेतलं. घराचा पाया भरताना आपण कोनशिलेखाली तांबं ठेवतो. इतक्या मोठ्या बोटीला कुणी ठेवलंय का, मी विचारलं नाही, कारण तुम्ही शिकलेली मंडळी हसला असता. सासूबाईंच्या देव्हाऱ्यातले पाच ढब्बू पैसे, अस्सल तांब्याचे, हळदकुंकू लावून पुरचुंडीत बांधले आणि बोटीच्या अगदी तळाशी, जिथं कुणाचा पाय लागणार नाही अशा जागी ठेवून दिले. आता राखण आहे. तुझं शिसं आणि माझं तांबं, दोन्ही मिळून पोराला आणतील.

त्याचा काही निरोप आला की लगेच कळव.

आत्या

*

गोवा
२५ जानेवारी २०२५

ती. आत्यास नमस्कार.

हे पत्र लिहून त्याचा फोटो धनाजीच्या मोबाईलवर पाठवते आहे. तो मार्गासनीत प्रत काढून तुला आजच आणून देईल. तूही उत्तर लिहून त्याच्याकडंच दे, तो फोटो काढून पाठवेल. पोस्टानं नको.

कुमार खुशाल आहे. बोटीवरून रोज एक छोटा संदेश येतो. तू राखण ठेवलीस हे वाचून फार बरं वाटलं. कप्तानांना कळवलं, तेही खूश झाले. म्हणाले, तिथं रोज हळदकुंकू वाहू. तर पुरचुंडी नेमकी कुठं ठेवलीस ते लिही. कुठल्या खोलीत, कुठल्या फळीखाली, कुठल्या अंगाला. विसरू नकोस.

प्रेरणा

*

वरची वाडी
२६ जानेवारी २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

हळदकुंकू वाहतो म्हणाले! मी तुझं पत्र शेजारच्या बाळाबाईला वाचून दाखवलं. सगळ्या वाडीला कळलं की नौदलाचा कप्तान आमच्या पैशांना पुजतो. ह्यांची मान ताठ झाली. रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

पण बाई, जागा सांगता येणार नाही. सासूबाईंनी ठेवतानाच शिकवलं होतं, "ठेवनारीनं जागा बोलायची न्हाई. बोललं की राखण उठती." ह्या घराचं तांबं कुठल्या दगडाखाली आहे ते मी ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. कप्तानांना म्हणावं, जिन्यावरून खाली तोंड करून नमस्कार करा, पोचतो.

आत्या

*

गोवा
२६ जानेवारी २०२५, दुपार

आत्या,

मी खोटं बोलले. हळदकुंकू कुणीही वाहत नाही. तू घाबरशील म्हणून तसं लिहिलं, आणि त्यात एक दिवस गेला. आता खरं वाच. धनाजी तुझ्यासमोर उभा राहील, त्याला उत्तर घेतल्याशिवाय हलू देऊ नकोस.

तांबं, ॲल्युमिनियम आणि खारं पाणी ही तीन एका जागी आली की तांबं ॲल्युमिनियमला खातं. तांब्याला काही होत नाही. ज्या पत्र्यावर ते पडलंय तो पत्रा झिजत जातो, आधी खड्डा पडतो, मग भोक. कोरडं असेल तर फार बिघडत नाही. पण बोट नोव्हेंबरापासून पाण्यात आहे, चाचण्यांच्या वेळी तळाला खारं पाणी साठायचं, आणि चार दिवसांपूर्वी कप्तानांनी कळवलंय की कुठूनतरी परत पाणी झिरपतंय. म्हणजे तुझे पैसे दोन महिने ओले पडून आहेत.

तुझं पत्र मिळाल्या मिळाल्या मी त्यांना संदेश पाठवला. दिसतील तेवढ्या फळ्या उचलून झाल्या, काही सापडलं नाही. बोटीचा तळ म्हणजे एक खोली नाही, आत्या. टाक्या आहेत, नळ आहेत, मध्ये पट्ट्या आहेत. समुद्र खवळलेला आहे, सगळा तळ उघडा टाकून शोधत बसणं धोक्याचं आहे. जागा फक्त तुला माहीत आहे.

राखण उठली तर माझ्यावर उठू दे. जागा सांग. तुझ्या पाया पडते.

प्रेरणा

*

वरची वाडी
२६ जानेवारी

प्रेरणा,

जिना उतरल्यावर शेवटच्या पायरीच्या मागं फळी आहे, तिला बोट घालायला भोक आहे. ती उचलली की खाली इंजिनाचा दांडा दिसतो. दांड्याच्या पलीकडं डाव्या हाताला टाकी आहे आणि टाकीच्या खाली फट आहे. तिथं मी आडवी पडून खांद्यापर्यंत हात घातला आणि पुरचुंडी जाईल तितकी आत लोटली. लाल खणाचं कापड.

बोलले मी. लवकर कळव.

*

गोवा
२८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,

तू सांगितलीस तीच जागा निघाली. सगळ्या बोटीत खारं पाणी जिथं सर्वांत आधी येऊन थांबतं ती जागा. तू मुद्दाम खोल जागा बघितलीस, आणि पाणीही तेच बघतं.

काल सकाळच्या संदेशात कप्तानांनी लिहिलंय की कुमारचा हात त्या फटीत जात नाही. कुणाचाच जात नाही. तुझा बारीक म्हणून गेला. कुमारनं तार वाकवून आकडा केला, कापडात अडकवून ओढलं. कापड कुजलेलं होतं, फाटलं. तीन पैसे बाहेर आले, दोन आतच राहिले. तीन पैशांच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी चिकटली होती. ती भुकटी म्हणजे आपल्या बोटीचा पत्रा.

टाकी समुद्रात काढता येत नाही. त्यांनी त्या खणातलं पाणी सतत उपसत राहायचं ठरवलंय. तो पत्रा गेलाच तर इंजिनाचा खण भरेल, पण बाजूच्या भिंती धरतील आणि बोट तरंगेल. गणित तसं सांगतं. आज सकाळपासून मी तेच गणित परत परत करते आहे, आणि दर वेळी उत्तर तेच येतं, आणि दर वेळी मला ते खोटं वाटतं. कारण तो खण भरल्यावर वादळ आलं तर काय, हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं.

तुला परत खोटं सांगणार नाही म्हणून लिहिते. काल सकाळनंतर बोटीवरून संदेश आलेला नाही. यंत्र बिघडलं असेल, बॅटरी गेली असेल. असं होतं.

प्रेरणा

*

वरची वाडी
२९ जानेवारी

प्रेरणा,

धनाजी कालपासून दोनदा वर येऊन गेला. तो वाडीच्या चढाला दिसला की मी अंगणात जाऊन उभी राहते. टेम्पोचा आवाज मला येत नाही, म्हणून मी वाटेकडं तोंड करूनच बसते.

तू मला सगळं लिहिलंस. शिसं किती, काठी किती उंच, सुकाणू किती. तळाला तांबं ठेवू नये एवढी एक ओळ लिहिली असतीस तर? तू उत्रोलीची ना? तुमच्या घराचा पाया भरताना तू माझ्या कडेवर होतीस. तांबं मीच ठेवलं होतं. तुला माहीत नव्हतं का, आपली बाईमाणसं काय करतात ते?

लिहून झाल्यावर वाटलं, हे फाडावं. पण दुसरा कागद नाही, आणि राग खोटा नाही. तुझ्यावर आहे त्याच्या दसपट माझ्यावर आहे.

ह्यांना सांगितलं. गोठ्यात गेले, म्हशीला पाणी दाखवलं, परत आले, परत गेले आणि परत पाणी दाखवलं. मग दारात उभं राहून मला म्हणाले, "बने, तू मारायला न्हाई ठिवलं." मी म्हटलं, पत्र्याला ते कसं कळणार?

देव्हाऱ्यापुढं बसवत नाही. काय मागू? मागच्या वेळी मागितलं तेच पोराच्या पोटाखाली जाऊन बसलं.

काही असेल ते कळव. काही नसेल तरी कळव.

आत्या

*

गोवा
३० जानेवारी २०२५

आत्या,

काही नाही. संदेश नाही. तुझं बरोबर आहे. समुद्र काय काय करेल ते मी सगळं मनात आणलं, आणि माझी माणसं काय करतील ते आणलं नाही. मला ते ठाऊक असायला हवं होतं.

काही नसेल तरी धनाजीकडून रोज निरोप पाठवीन.

प्रेरणा

*

गोवा
६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,

पोचले. सगळे पोचले. कुमार धडधाकट आहे. धनाजीला मी फोनवर आधीच ओरडून सांगितलंय, तेव्हा हे तुला कळलं असेल, पण तुला वाचायला हवं म्हणून लिहिते.

संदेशाचं यंत्र पाण्यानं गेलं होतं. ते आठ दिवस कसे काढले ते तू मला सांगू नकोस, मी तुला सांगत नाही. इंजिनाच्या हादऱ्यानं पत्रा जाऊ नये म्हणून ते बंद ठेवून नुसत्या शिडावर आले. पाळीपाळीनं रात्रंदिवस पाणी उपसलं. कुमार त्या टाकीशेजारीच झोपायचा, आणि झोपायचा म्हणजे हात तळाला लावून पडायचा, पत्रा हलतो का ते बघत.

बंदरात बोट वर घेतली, टाकी काढली. एक पैसा सुटा सापडला. दुसरा पत्र्यात रुतून बसला होता. कुमारनं तो उचलला आणि त्या खड्ड्यात अंगठा दाबला, तर पत्रा पापडासारखा मोडला. भोकातून त्याला खालची जमीन दिसली. त्यानं कुणालाच हात लावू दिला नाही. तेवढा तुकडा स्वतः कापला, नवा पत्रा बसवला, स्वतः जोडला.

फोनवर त्यानं तुझ्याबद्दल एकच विचारलं. "आयेला सांगितलं का समदं?" मी हो म्हटलं. तो मग म्हणाला, "नव्हतं सांगायचं."

मी नवी सूचना लिहून बोटीच्या जिन्यापाशी लावायला पाठवली आहे. तळाला कुठलाही धातू ठेवू नये. मराठीतसुद्धा लिहिली.

प्रेरणा

*

वरची वाडी, मार्गासनी
४ एप्रिल २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

कुमार आठवडाभर राहून आज गेला. बोट पुढं आफ्रिकेकडं न्यायची आहे, त्यासाठी विमानानं परत बेटावर जातोय. मला म्हणाला, "जाऊ का?" मी जा म्हटलं. नको म्हणायचा हक्क मला आहे असं वाटेना.

वाळलाय. हातांना घट्टे पडलेत. पैशांचा विषय मी काढला नाही, त्यानंही काढला नाही. गोठ्याचं फाटक जोडून दिलं, ह्यांच्याबरोबर म्हशी घेऊन माळावर गेला, ठकुबाईच्या नातवाला समुद्राच्या थापा मारल्या. मी चोरून त्याच्याकडं बघत होते. माझ्यामुळं हा नसता, असं एकदा मनात आलं की ते जात नाही गं. चहा पिताना येतं, दळण टाकताना येतं. समुद्राची मला आता तितकी भीती वाटत नाही. माझी मला वाटते.

त्याची पिशवी भरायला घेतली. चटणी, शेंगदाण्याचे लाडू, देवाचा अंगारा. भरली, आणि परत सगळं खाली ओतलं. त्याला म्हटलं, तूच भर, काय चालतं ते तुला ठाऊक. त्यानं लाडू घेतले, चटणी घेतली. अंगाऱ्याची पुडी हातात धरून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, राहू दे. त्यानं ती खिशात घातली.

दारात धनाजीचा टेम्पो लागला. ह्यांच्या पाया पडला, मग माझ्या पडला. वाकून तसाच राहिला. माझे हात पदरात होते. उचलत नव्हते. मला खरंच वाटत होतं की मी त्याला हात लावू नये. तो खालूनच म्हणाला, "आये, हात ठेव की डोक्यावर." परत म्हणाला, मोठ्यानं, मला ऐकू जावं म्हणून. सगळी वाडी बघत होती.

ठेवला मी. बराच वेळ ठेवला.

टेम्पो उतारानं दिसेनासा झाला तशी लिहायला बसले आहे. प्रेरणा, तू शिकलेली आहेस, कशानं काय खातं ते तुला कळतं. नुसत्या हातानं काही होत नाही ना? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. खरं असेल ते लिही, आणि लवकर, तो बोटीवर चढायच्या आत.

आत्या